एमसीबी सारखी पडते? आधी ती किती वेळानं पडते ते बघा

नागपुरात एप्रिल-मे लागला की घरोघरी एकच तक्रार, एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप बंद होणारा खटका, पडून राहिली. सकाळी सगळं ठीक असतं अन् दुपारी दोन-अडीचला, बाहेर पारा ४५ च्या वर गेलेला असतो, तेव्हाच बरोबर खटका खाली येतो. मग घरातलं कोणीतरी स्टुलावर चढून तो वर करतं, थोड्या वेळानं परत खाली. शेजारचे काकाजी सांगून जातात, "एमसीबी खराब झाली, जरा मोठी बसवून घ्या." बहुतेक वेळा एमसीबी चांगलीच असते, ती तिचं काम करून राहिली असते, आणि मोठी बसवणं हा तर सगळ्यात घातक उपाय आहे, तो का ते पुढे येईलच.

वायरमनला फोन लावायच्या आधी घरच्या घरी बरंच काही कळू शकतं, पेचकस हातात न घेता. फक्त एक गोष्ट नीट बघायची, खटका वर केल्यावर तो किती वेळानं खाली येतो. अर्ध्याहून जास्त उत्तर तिथंच असतं.

पण त्याआधी हे. बोर्डातून जळका वास येत असेल, आतून चरचर आवाज येत असेल, झाकण हाताला गरम लागत असेल किंवा भिंतीतून पाणी झिरपून बोर्डापर्यंत आलं असेल तर खाली लिहिलेलं काही करू नका. बोर्ड कोरडा आहे आणि मेन स्विचपर्यंत हात सुरक्षित पोचतो अशी खात्री असेल तर मेन बंद करा, नाहीतर तिथून दूर राहा आणि वायरमनला बोलवा. बाकी वेळीसुद्धा हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि झाकणाचे स्क्रू खोलायचे नाहीत. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर त्याच्या वरच्या टोकापर्यंत जिवंतच असते, हे कित्येकांना माहीत नसतं.

नेमकं काय पडलं

बोर्डाजवळ जा आणि कुठला खटका खाली आहे ते बघा. बारीक असते ती एमसीबी, तिच्यावर सी१६, बी१० असं काहीतरी छापलेलं असतं, अक्षर म्हणजे टाइप आणि आकडा म्हणजे अँपियर. थोडी रुंद, जिच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं ती आरसीसीबी, जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. दोघींचं काम वेगळं आहे. एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडते, म्हणजे ती वायर वाचवते. आरसीसीबी करंट वायर सोडून बॉडीत, पाण्यात किंवा जमिनीत गळाला की पडते, घरात साधारण ३० मिलीअँपियरची लावतात, ती माणूस वाचवते. १६ अँपियरची एमसीबी तुम्हाला शॉक लागला म्हणून पडेल या भरवशावर राहू नका, कारण जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका करंटसुद्धा पुरतो. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, आणि अजूनही कितीतरी घरांत एमसीबीची रांग चकाचक असते पण आरसीसीबीचा पत्ता नसतो.

काही कंपन्यांचा खटका पडला की पूर्ण खाली येत नाही, मधेच अडकतो. तो आधी पूर्ण खाली दाबायचा, मग वर करायचा, नाहीतर लागतच नाही आणि आपल्याला वाटतं बिघडला.

आता वेळ बघा

ज्या लाइनची एमसीबी पडली तिच्यावरचे सगळे प्लग काढा. नुसती बटणं बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा. मग दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आत एक धातूची पट्टी असते, ती गरम होऊन वाकते म्हणून खटका पडतो, ती थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. मग एकदाच वर करा. एकदाच. पुन्हा पुन्हा खटाखट वर करणारे लोक बघितले की भीती वाटते, शॉर्ट असेल तर प्रत्येक वेळी तिथं शेकडो अँपियरचा झटका बसतो.

सगळे प्लग काढून, दिवे-पंखे बंद करूनही लगेच पडली तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये, बोर्डाच्या मागे किंवा क्वचित खुद्द एमसीबीत आहे. पावसाळ्यात गेटवरच्या दिव्यात पाणी किंवा मुंग्या भरणं, स्विचबोर्डात पाल जाणं, ड्रिल मारताना वायरला खिळा लागणं, असलं काहीतरी निघतं. हे तुमचं काम नाही, ती एमसीबी खालीच ठेवा आणि वायरमनला बोलवा.

टिकली, तर एकेक वस्तू लावत चला. एखादी वस्तू लावून चालू केल्याक्षणी पडली तर चोर सापडला, तिच्यात शॉर्ट आहे, ती बाजूला ठेवा. फक्त मोटरवाली वस्तू, म्हणजे बोअरचा पंप किंवा जुना नॉन-इन्व्हर्टर एसी सुरू होताना पडते आणि एरवी व्यवस्थित चालते, असं असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट ओढते. बी टाइपची एमसीबी ३ ते ५ पट करंटला लगेच पडते, सी टाइपची ५ ते १० पटीला. एसीच्या लाइनवर बी टाइप बसवली असेल तर तेवढ्याच अँपियरची सी टाइप लावून काम होतं, पण ते वायरमननं वायरिंग तपासून ठरवायचं. आणि सी टाइप असूनही पडत असेल तर मोटर सुरू करून देणारा कॅपॅसिटर गेलेला किंवा मोटर जाम झालेली असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात गोंधळ ज्यात होतो तो प्रकार म्हणजे सगळं चालू असतं आणि वीस मिनिटांनी, अर्ध्या तासानं पडते. हा ओव्हरलोड. इथं थोडा हिशोब करा, सोपा आहे. प्रत्येक वस्तूवर वॅट लिहिलेले असतात, त्याला २३० नं भागा, अँपियर येतात. इंडक्शन २००० वॅट म्हणजे पावणेनऊ, इलेक्ट्रिक केटली १५०० म्हणजे साडेसहा, मायक्रोवेव्ह १२०० म्हणजे सव्वापाच. किचनच्या एकाच लाइनवर हे तिन्ही सुरू असले की झाले साडेवीस अँपियर, आणि एमसीबी आहे १६ ची. आता १६ ची म्हणून ती सतराव्या अँपियरला लगेच पडत नाही. नियमाप्रमाणे साधारण १३ टक्के जास्त करंट ती तासभर सहन करते, आणि ४५ टक्के जास्त झाला, म्हणजे २३ च्या आसपास, तर तासाच्या आत पडलीच पाहिजे. मधला जो पट्टा आहे त्यात ती कधी पडेल कधी नाही, म्हणून लोकांना वाटतं हिचं डोकं फिरलं.

आणि इथंच नागपूरची गंमत आहे. हे सगळे आकडे ३० अंश तापमानाचे आहेत. आत ती पट्टी उष्णतेवर चालते, त्यामुळे बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर असेल, दुपारचं ऊन भिंत तापवत असेल आणि बंद डब्याच्या आत पन्नासच्या आसपास गेलं असेल तर तीच १६ ची एमसीबी साधारण चौदा-पंधराची होऊन बसते. डिसेंबरात जो लोड आरामात चालला तो मे महिन्यात चालत नाही, त्याचं एक कारण हे. त्यात शेजारी-शेजारी दोन-तीन एमसीबी भरलेल्या लोडवर असल्या की त्या एकमेकींना तापवतात. उपाय साधा आहे, लोड वाटून टाकणे. इस्त्री दुसऱ्या खोलीत लावा, केटली आणि इंडक्शन एकदम नको, एसीला वेगळी लाइन ओढून घ्या. हॉलच्या बोर्डावरून एक्स्टेंशन काढून त्याच्यावर एसी चालवणारी घरं आहेत, त्यांना काय सांगावं बापा.

लोड कमी असूनही उशिरानं पडत असेल तर ढिला स्क्रू हे कारण बघायला लावा. एमसीबीच्या टोकाशी वायर ढिली असली की तिथं उष्णता तयार होते, ती उष्णता एमसीबीला लोड वाटते. खूण म्हणजे त्या एका खटक्याजवळचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं असतं.

कूलरवाल्यांसाठी वेगळं

होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली येतो, धूळ झटकली, नवीन खस लावली, पाणी भरलं आणि सुरू. आठ महिने कोरडा पडलेला पंप तेवढ्यावर सुरू होईलच असं नाही. पंप जाम असेल तर तो नुसता गुरगुरतो, तापतो आणि त्याचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं. म्हणून आधी टाकीत पाणी न भरता फक्त पंख्याचं बटण लावा. खटका टिकला तर प्लग काढा, पाणी भरा, मग प्लग लावून पंपाचं बटण. पंप लावल्यावरच पडत असेल तर पंप बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आणि प्लग काढलेला असताना कूलरची मागची बाजू खोलून पंपाची वायर जिथं जोडली आहे तो जोड बघा. बहुतेक कूलरमध्ये तिथं नुसती काळी टेप गुंडाळलेली असते, मागच्या उन्हाळ्यात तापून तिचा गोंद वितळलेला असतो, टेपचं टोक सुटून लोंबत असतं आणि वरच्या खसमधून थेंब थेंब पाणी बरोबर त्यावर पडत असतं. आरसीसीबी असली तर ती पडते आणि आपण वैतागतो. नसली तर तोच करंट पत्र्याच्या बॉडीत उतरतो. तो जोड टाकीच्या वर, पाणी उडणार नाही असा बंदिस्त करून घ्या, प्लग तीन पिनचाच हवा आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. कूलर चालू असताना पाइपनं पाणी भरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आरसीसीबी पडत असेल तर

सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. ज्या एमसीबीला पडली त्या लाइनवरचे प्लग काढून परत बघा. गिझर हा इथला नेहमीचा गुन्हेगार आहे, बोअरच्या जड पाण्यानं एलिमेंटवर क्षार चढतात, वरची नळी तडकते आणि करंट पाण्यात गळतो. असा गिझर चालू ठेवून आंघोळ म्हणजे जिवाशी खेळ, तो दुरुस्त होईपर्यंत बंदच.

कधी कधी विचित्र होतं, कुठलीही एमसीबी वर केली तरी आरसीसीबी पडते, एकाच लाइनचा दोष दिसत नाही. अशा वेळी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर, संशय घ्या. साधी एमसीबी फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे कुठंतरी न्यूट्रल अर्थला चिकटला असेल तर ती लाइन बंद करूनही दोष राहतोच आणि दुसऱ्याच खोलीतला पंखा लावला की आरसीसीबी पडते. घरात नुकताच इन्व्हर्टर बसवला असेल आणि तेव्हापासून हे सुरू झालं असेल तर इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील, हे बसवणाऱ्यालाच परत बोलावून सोडवायला लावा. "आरसीसीबी काढून टाकू, कटकट मिटेल" असं कोणी म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

टी बटण महिन्यातून एकदा दाबत जा, वीज चालू असताना. दाबल्यावर ती पडलीच पाहिजे. पडली नाही तर ती शोभेची वस्तू आहे, बदलून घ्या.

मोठी एमसीबी का नाही

एमसीबीचा आकडा भिंतीतल्या वायरवरून ठरतो, तुमच्या एसीवरून नाही. साधारणपणे दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० ची एमसीबी, पॉवर सॉकेटला अडीचची वायर आणि १६, एसी-गिझरला बहुतेक चारची वायर आणि २० ची एमसीबी असते. अडीचच्या वायरवर ३२ ची बसवली की खटका पडणं थांबतं खरं, पण आता तापते ती भिंतीतली वायर, आणि ती कोणाला दिसत नाही. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत तर अजून ॲल्युमिनियमची वायरिंग सापडते, तिच्यावर असे प्रयोग म्हणजे आगीला निमंत्रण. मोठी एमसीबी हवीच असेल तर आधी वायर जाड करा.

मेन एमसीबीच पडत असेल, म्हणजे सगळं घर मिळून लोड जास्त होत असेल, तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे ते बघा. दोन एसी नंतर घेतले आणि मंजूर भार जुनाच असेल तर तो वाढवून घ्यायचा अर्ज करा. आणि दिवे अचानक भगभगीत होऊन राहिले, काही खोल्यांत मंद काही खोल्यांत जास्त असं दिसलं तर हे एमसीबीचं प्रकरण नाही, न्यूट्रल सुटला असू शकतो, मेन ताबडतोब बंद करून १९१२ वर तक्रार नोंदवा.

वायरमनला बोलावताना "लाइट जाऊन राहिली" एवढंच सांगू नका. कुठला खटका पडला, त्याच्यावर काय छापलं आहे, वर केल्यावर किती वेळानं पडतो, काय चालू असताना पडतो आणि सगळे प्लग काढल्यावर टिकतो की नाही, एवढं कागदावर लिहून ठेवा, जमलं तर बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा. लायसन्सवालाच बोलवा, आणि त्यानं काही न तपासता पहिल्यांदा नवीन एमसीबीच खिशातून काढली तर दुसरा बघा.