ट्रेलर कापताना आधी आवाज लावा

कॉलेजच्या फिल्मचा ट्रेलर बरेचदा शॉट्सचा स्लाइड-शो वाटतो. म्हणून चित्राला हात लावण्याआधी टाइमलाइनवर (एडिटिंग सॉफ्टवेअरमधली क्लिप मांडायची पट्टी) फक्त संगीत आणि दोन-तीन नेमके संवाद मांडा.

१. संगीत वाजत असताना ठेक्यावर ‘एम’ दाबा. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह, या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मार्कर (कट कुठे घ्यायचा याची खूण) पडतो.
२. सुरुवातीचे वाइड शॉट ३ सेकंद राहू द्या. शेवटाकडचे क्लोज-अप १२ फ्रेमपर्यंत आणा (सेकंदाला २५ फ्रेम असतील तर जेमतेम अर्धा सेकंद).
३. पुढच्या शॉटमधला संवाद चित्राच्या थोडा आधीच सुरू करा. जोड लपते. एवढं एकच केलंत तरी फरक कळेल.
४. नावाच्या पाटीआधी सेकंदभर काळा पडदा, संगीतही बंद.

मात्र प्रत्येक कट मार्करवर नको, यांत्रिक वाटतं. एखादा मुद्दाम दोन-चार फ्रेम उशिरा मारा.