गिट रिपॅक थोडं थोडं कसं करायचं

गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा साठा, मोठी असेल, वर्षानुवर्षांची हिस्टरी असेल तर उठसूट जीसी (गिटची साफसफाईची कमांड) मारत बसू नका. अंधेरी काय, ऐरोली काय, मोठ्या टीममध्ये दिवसभर फेच (सर्व्हरवरचे नवे बदल ओढणं) चालूच असतं आणि एका फेचमध्ये 100 किंवा जास्त ऑब्जेक्ट (फायली, कमिट वगैरे साठवलेले तुकडे) आले की गिट तो पॅक (अनेक ऑब्जेक्ट एकत्र ठेवलेली फाइल) तसाच ठेवून देतं, असे पॅक साचत गेले की ऑब्जेक्ट शोधायला एकेका पॅकचा इंडेक्स (आतल्या ऑब्जेक्टची यादी) चाळावा लागतो आणि हिस्टरी दाखवणाऱ्या लॉग, ब्लेम कमांड, सगळंच रखडतं. जीसी मारलं तर जवळपास सगळंच एका पॅकमध्ये नव्याने लिहिलं जातं, मोठ्या रेपोत त्याला खूप वेळ लागतो.

आधी 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही' मारा आणि 'पॅक्स' समोरचा आकडा बघा. तो बराच वाढला असेल तर:

गिट मेंटेनन्स रन --टास्क=लूज-ऑब्जेक्ट्स --टास्क=इन्क्रिमेंटल-रिपॅक

पहिला टास्क सुटे ऑब्जेक्ट पॅकमध्ये घालतो. दुसरा आधी सगळ्या पॅकचा मिळून एक मल्टी-पॅक-इंडेक्स लिहितो (खरा स्पीड इथेच मिळतो), मग ज्या पॅकमधलं सगळंच आता दुसऱ्या पॅकमधून वाचलं जातं ते उडवतो, आणि शेवटी छोटे पॅक गोळा करून एक नवा बनवतो. सगळ्यात मोठ्या पॅकला, म्हणजे बहुतेक वेळा क्लोनच्या (रेपो पहिल्यांदा उतरवून घेण्याच्या) वेळी आलेल्या पॅकला, हात लागत नाही, म्हणून काम पटकन उरकतं.

आता इथे बरेच जण घाबरतात: रन झाला तरी जुने पॅक तिथेच, साइझ उलट वाढलेली. ते बरोबरच आहे! उडवणं आधी आणि जोडणं नंतर, त्यामुळे आत्ता जोडलेले जुने पॅक पुढच्या रनला जातात, तोवर दुसऱ्या टर्मिनलमध्ये एखादी कमांड तेच पॅक वाचत असेल तर ती अडकत नाही. पॅकच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने डॉट-पॅक फायली डिलीट करू नका, प्लीज.

रोज आठवण ठेवायची नसेल तर रेपोमध्ये एकदाच 'गिट मेंटेनन्स स्टार्ट' मारा, हे दोन्ही टास्क दिवसातून एकदा बॅकग्राउंडला आपोआप चालतात. गिट 2.31 किंवा पुढचं असेल तर मॅक आणि विंडोजवरही चालतं.

एक मात्र आहे, कुठल्याच ब्रँचवरून पोचता न येणारे ऑब्जेक्ट यात साफ होत नाहीत. जुन्या रिबेसचा (कमिट नव्याने रचण्याचा) कचरा खूप झाला असेल तर कधीतरी जीसी लागणारच, ते घरी जाताना लावा आणि आधी डिस्कवर रेपोएवढी जागा मोकळी आहे का बघा, कारण नवा पॅक पूर्ण लिहून झाल्याशिवाय जुने जात नाहीत.