डोलकाठीच्या तारा बदलल्या, त्याचा अनुभव

मुंबई बंदरातल्या आमच्या जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीच्या, डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा वरवर चकचकीत होत्या. पण स्टेनलेस गंजतं ते फटीत, जिथे खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. म्हणून तार जिथे दाबून बसवलेल्या नळीत शिरते, ती खालची टोकं आधी पाहिली. कापूस फिरवला, तो एका ठिकाणी अडकला: १९ पदरांपैकी एक तुटलेला. एक पदर गेला की ती तार बादच, यात तडजोड नको. नळ्यांवर डाय पेनेट्रंट (बारीक चिरा रंगाने दाखवणारं द्रव) मारल्यावर दुसऱ्या बाजूलाही केसाएवढी चीर दिसली. मग सगळ्याच तारा ३१६ (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या) स्टेनलेसच्या नव्या घेतल्या.

डोलकाठी उतरवली नाही. शीड चढवायची दोरी डेकला ताणून बांधली आणि एकेक तार बदलली. चेनप्लेट, म्हणजे तारा बोटीला जिथे अडकतात त्या धातूच्या पट्ट्या, मात्र उपसून बघाव्याच. डेकच्या आत लपलेला भाग सगळ्यात दगाबाज.

ताण मोजायला साधी पट्टी पुरते. तार २ मीटर लांबीत १ मिमी लांबली म्हणजे ताण तुटण्याच्या भाराच्या साधारण ५ टक्के; बाजूच्या मुख्य तारा मी ३ मिमीवर ठेवल्या. टर्नबकलना (तारा ताणायच्या स्क्रूंना) नव्या पिना घातल्या.