डेकोराचं ल्यूथर कॉलेज: निघण्याआधी काय माहीत असावं

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर मोठी विद्यापीठं येतात. आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, जेमतेम साडेसात हजार वस्तीच्या डेकोरा गावातलं ल्यूथर कॉलेज कुणाच्या यादीत नसतं. मी तिथे चार वर्षं शिकले. आता ओळखीतल्या कुणाच्या मुलामुलीला अशाच एखाद्या छोट्या लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) कॉलेजातून प्रवेश मिळाला की आईवडील मला फोन करतात. त्यांना जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली शंका धर्माची असते, म्हणून आधी तीच घेते. १८६१मध्ये नॉर्वेहून आलेल्या स्थलांतरितांनी हे कॉलेज काढलं, ते मुख्यतः आपल्या चर्चसाठी पाळक, म्हणजे धर्मगुरू, तयार व्हावेत म्हणून. सुरुवात विस्कॉन्सिनमधल्या एका पाळकाच्या घरात झाली आणि पुढच्याच वर्षी कॉलेज डेकोराला आलं. आजही ते अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चशी संलग्न आहे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला हे कसं जाणवतं? सकाळच्या तासांच्या मधल्या वेळेत चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहात, छोटी सभा होते. जायचं तर जा, हजेरी कुणी घेत नाही. धर्म हा विषय अभ्यासक्रमात आहे, पण तो इतिहास किंवा तत्त्वज्ञानासारखा, वाचून आणि वाद घालून शिकवतात. माझ्यावर धर्म बदलण्यासाठी कुणी कधी दबाव आणला नाही. उलट घरी आपण काय करतो, का करतो, असं लोक मनापासून विचारायचे आणि उत्तर देण्यासाठी मला स्वतःला आधी वाचावं लागायचं. चॅपलला मी अधूनमधून गेले, ते मुख्यतः ऑर्गन ऐकायला.

आता मुख्य गोष्ट. विद्यार्थी दोन हजारांहून कमी. अशा कॉलेजात लपायला जागा नाही, आणि माझ्या मते तुम्ही फी भरता ती याचसाठी. पहिल्या वर्षी सगळ्यांना ‘पायडिया’ नावाचा सामायिक अभ्यासक्रम असतो: भरपूर वाचन, चर्चा आणि निबंध. शिकवणारे प्राध्यापक वेगवेगळ्या विभागांतले असतात, त्यामुळे तुमचा निबंध तपासणारी व्यक्ती एरवी भौतिकशास्त्र किंवा संगीत शिकवणारीही असू शकते. आपल्याकडे नोट्स पाठ करून नव्वद टक्के मिळवलेल्यांना पहिला निबंध लाल-निळा होऊन परत आला की धक्का बसतो. घाबरू नका, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेत, जा. तिथे जाणं हे ‘कच्चा विद्यार्थी’ असल्याचं लक्षण मानत नाहीत. वर्गात गप्प बसलात तर प्राध्यापक काळजीने विचारतात, आणि दोन तास बुडवलेत तर ईमेल येते. पुढे पीएचडीच्या अर्जाला शिफारसपत्र लागलं, तेव्हा माझ्या प्राध्यापिकेने माझ्या प्रयोगवहीतल्या सवयींपर्यंत सगळं लिहिलं. तीनशे जणांच्या वर्गात हे कुणाला शक्य झालं असतं?

परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. ऑनर कोड असतो; आपण कुणाची मदत घेतली नाही आणि कुणाला केली नाही, असं लिहून सही करायची. हा विश्वास फार गंभीरपणे घ्या. दुसऱ्याचं वाक्य संदर्भ न देता वापरणं आपल्याकडे सर्रास चालतं, तिथे त्याची चौकशी होते.

संगीताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मला तिथेच कळलं. अमेरिकेतल्या लुथरन कॉलेजांना समूहगायनाची मोठी परंपरा आहे. ल्यूथरच्या नॉर्डिक क्वायरचं नेतृत्व वेस्टन नोबल यांनी १९४८ ते २००५ इतका प्रदीर्घ काळ केलं. संगीत हा मुख्य विषय नसलेली मुलंही तिथे शेकड्यांनी गातात, वाजवतात. मी पहिल्या वर्षाच्या मुलींच्या ‘अरोरा’ या क्वायरमध्ये गेले. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, येत नव्हतं. लहानपणी पेटीवर थोडे राग शिकले होते, तेवढीच शिदोरी. शेजारच्या मुलीच्या सुराला धरून राहायचं आणि तरीही आपला वेगळा स्वर सोडायचा नाही, हे एकट्याने ख्याल शिकणाऱ्याला अवघड जातं. पण डिसेंबरमधल्या ‘ख्रिसमस अ‍ॅट ल्यूथर’ या कार्यक्रमात इतके आवाज एकत्र लागले, तेव्हा अंगावर काटा आला. गाता येत नाही असं वाटत असलं तरी पहिल्या वर्षी क्वायरला जाच. मैत्री तिथेच होते.

गावाचं म्हणाल तर आयोवा म्हणजे सपाट मक्याची शेतं, ही समजूत इथे खोटी ठरते. हिमयुगातल्या शेवटच्या हिमनद्यांनी हा भाग सपाट केला नाही, त्यामुळे टेकड्या, चुनखडीचे कडे, झरे आणि खालून वाहणारी अप्पर आयोवा नदी असा मुलूख आहे. वॉटर स्ट्रीटवर वेस्टरहाइम हे नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय आहे, जुलैत नॉर्डिक फेस्ट भरतो. बटाट्याची ‘लेफ्से’ खाल्लीत तर घरच्या मऊ पोळीची आठवण येईल.

अडचणीही आहेत. गावाला प्रवासी रेल्वे नाही. रॉचेस्टर आणि ला क्रॉस हे जवळचे विमानतळ साधारण शंभर किलोमीटरवर, मिनियापोलिस अडीच-तीन तासांवर. सुट्टीत कोण गाडी घेऊन कुठे जातंय, हे आधी विचारून ठेवावं लागतं. भारतीय किराणा रॉचेस्टरला मिळतो. मेयो क्लिनिक या मोठ्या रुग्णालयामुळे तिथे बरीच भारतीय कुटुंबं आहेत. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि जानेवारीत पारा उणे २५पर्यंत उतरू शकतो. जाड कोट पुण्या-मुंबईतून नेऊ नका, तिथेच घ्या; वापरलेले चांगले मिळतात. बूट मात्र नवे आणि उत्तम घ्या. अंधाराचा मनावर परिणाम होतो, तेव्हा कॉलेजातल्या समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका.

पैशांचं नीट समजून घ्या. राहणं-खाणं धरून छापील वार्षिक खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास दिसतो, पण तो पूर्ण भरणारे थोडे. कॉलेज स्वतः शिष्यवृत्ती देतं. पुण्याजवळ मुळशीतल्या यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस) महिंद्रा कॉलेजात शिकलेल्यांना डेव्हिस यूडब्ल्यूसी शिष्यवृत्तीची वाटही असते, कारण ल्यूथर त्या योजनेत सहभागी आहे. प्रवेशाच्या पत्रातला शिष्यवृत्तीचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. सगळं वजा जाता घरून किती भरायचे आणि दरवर्षी फी वाढली की शिष्यवृत्तीही वाढते का, हे लेखी विचारा. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. त्यातून पुस्तकं आणि फोन निघतो, फी निघत नाही.

उन्हाळ्याचं नियोजन पहिल्याच वर्षी सुरू करा. देशभरातल्या विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाच्या ज्या प्रसिद्ध जागा सरकारी निधीतून निघतात, त्यांतल्या बहुतेक अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठीच राखीव असतात. आपल्यासाठी खरी वाट म्हणजे आपल्याच प्राध्यापकांबरोबर कॅम्पसवरचं संशोधन. जागा थोड्या असतात, म्हणून डिसेंबरातच जाऊन बोला. नोकरीच करायची असेल तर विषय निवडतानाच पाहा: पदवीनंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) एक वर्ष काम करता येतं आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. गावात मोठ्या कंपन्यांची रांग नाही, त्यामुळे शिकागो किंवा मिनियापोलिसमधल्या माजी विद्यार्थ्यांना स्वतःहून लिहावं लागतं. मी लिहिलं त्यांतल्या बहुतेकांनी उत्तर दिलं.

होकार कळवण्याआधी आपल्या विषयाच्या प्राध्यापकांना एक ईमेल पाठवा आणि तिथे शिकणाऱ्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याशी बोला. प्राध्यापकांना विचारा की पदवीचे विद्यार्थी तुमच्याबरोबर सध्या कशावर काम करताहेत. विद्यार्थ्याला विचारा की थँक्सगिव्हिंगच्या नोव्हेंबरातल्या सुट्टीत तू कुठे होतास आणि गेल्या उन्हाळ्यात काय केलंस. उत्तरं नेमकी आली तर पुढचा विचार करा. गोलगोल आली तर दुसरं कॉलेज बघा.