डेटाबेस मंदावतो आणि ‘स्लीप’मधील कनेक्शने वाढत जातात, तेव्हा काय तपासावे

हापूसचा हंगाम ऐन भरात असताना देवगडच्या एका बागायतदाराची वेबसाइट अडू लागली. आंब्याची माहिती देणारी पाने नीट उघडत, परंतु पेटीची मागणी नोंदवायला गेले की ग्राहक जवळजवळ मिनिटभर ताटकळत राही आणि शेवटी त्याच्या पदरी ‘एरर’चा संदेश पडे. अशा वेळी माय-एसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची कनेक्शनांची (प्रोग्रॅमने त्याच्याशी एका वेळी जोडलेल्या दुव्यांची) मर्यादा, जी मुळात १५१ असते, ती वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो लगेच मानू नये, कारण प्रत्येक कनेक्शन थोडी मेमरी अडवते आणि मूळ दुखणे मात्र तसेच राहते.

प्रथम चालू कनेक्शनांची यादी दाखवणारी ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ ही कमांड द्यावी. या वेबसाइटच्या सर्व्हरवर आम्हाला मिळालेल्या यादीत बहुतेक ओळींपुढे ‘स्लीप’ होते आणि काहींच्या ‘टाइम’च्या (सेकंदांच्या) रकान्यात चार हजारांहून मोठे आकडे होते, म्हणजे ती कनेक्शने तासाभराहून अधिक काळ नुसती पडून होती. ती ‘किल’ (म्हणजे बंद) करून पाहिली, तरी फरक पडला नाही. यादीच्या तळाशी पाच-सहा ओळींपुढे ‘अपडेटिंग’ लिहिलेले होते आणि त्या सगळ्या डेटाबेसमधील एकाच नोंदीसाठी, पाच डझनांच्या पेटीच्या शिल्लक साठ्यासाठी, खोळंबल्या होत्या. खरा शोध येथूनच सुरू करावा.

त्या नोंदीचे लॉक, म्हणजे एकाचा बदल पुरा होईपर्यंत इतरांना रोखणारे कुलूप, कोणी धरले आहे, हे शोधण्यासाठी माय-एसक्यूएलच्या ‘इन्फर्मेशन स्कीमा’तील ‘इनो-डीबी टीआरएक्स’ हा तक्ता पाहावा; उघडी ट्रान्झॅक्शने (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) त्यात दिसतात. त्यातील थ्रेडचा, म्हणजे कनेक्शनाचा, क्रमांक प्रोसेसलिस्टमधील क्रमांकाशी ताडून पाहावा. आमचे दोषी कनेक्शनही ‘स्लीप’मध्येच होते, पण जेमतेम दीड मिनिटापासून. प्रोग्रॅम ट्रान्झॅक्शन उघडून साठा कमी करी आणि ते तसेच उघडे ठेवून पैसे भरले जाण्याची वाट पाही. ग्राहकाच्या मोबाइलला रेंज नसली की लॉक अडकून राही आणि मागचे सगळे, इनो-डीबीची (माय-एसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनाची) मूळची ५० सेकंदांची मुदत संपेपर्यंत, थांबून राहत.

तातडीचा उपाय म्हणून ते एकच कनेक्शन ‘किल’ करता येते. मात्र त्यातील अपुरे बदल रद्द होतात, म्हणून संबंधित ग्राहकाची मागणी हाताने तपासावी, कारण त्याचे पैसे कदाचित गेलेले असतात. कायमचा उपाय प्रोग्रॅममध्येच करावा लागतो: पेटी ‘राखीव’ अशी नोंदवून लगेच ‘कमिट’ करावे, म्हणजे बदल पक्का करावा, पैशांचा व्यवहार ट्रान्झॅक्शनच्या बाहेर होऊ द्यावा, आणि ठरावीक वेळेत पैसे आले नाहीत तर पेटी पुन्हा साठ्यात घ्यावी.

त्यानंतरच उरलेल्या निष्क्रिय कनेक्शनांकडे वळावे. ‘वेट टाइमआउट’, म्हणजे निष्क्रिय कनेक्शन सर्व्हर तोडतो ती मुदत, मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास असतो. छोट्या वेबसाइटला पाच-दहा मिनिटे सहसा पुरतात. ‘सेट ग्लोबल’ या कमांडने केलेला बदल फक्त नव्या कनेक्शनांना लागू होतो आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की पुसला जातो, म्हणून तो कॉन्फिगरेशन फाइलमध्येही लिहावा. कनेक्शन पूल (पुन्हापुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेली कनेक्शने) वापरत असाल, तर पुलातील निष्क्रिय कनेक्शनाची मुदत या टाइमआउटपेक्षा कमी ठेवावी, अन्यथा सर्व्हरने तोडलेले कनेक्शन प्रोग्रॅमच्या हाती येऊन नव्याच चुका सुरू होतात.