मायक्रो की फ्लॉक्स?

ओहायोत नोकरीला लागल्यावर माझे शनिवार-रविवार एका वयस्क गृहस्थांच्या गॅरेजमध्ये जाऊ लागले. ते लाँग-ईझी बांधत होते. विमानरचनाकार बर्ट रुटान यांचं हे विमान १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालं. याला साचा लागत नाही. फोम कापून आकार द्यायचा आणि त्यावर फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या डिंकाने, बसवायचं.

नवख्याचा गोंधळ होतो तो फिलरमध्ये, म्हणजे इपॉक्सीत मिसळायच्या भुकटीत. मायक्रो म्हणजे काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे. हलके, घासायला सोपे, पण ताकद नाही. फ्लॉक्स म्हणजे सुताचे बारीक तंतू. जड आणि चिवट, घासताना हात भरून येतात. सिलिका ताकदीसाठी नसते. मिश्रण उभ्या भागावरून ओघळू नये म्हणून ती घालतात. डबा उघडण्याआधी एवढंच विचारा: हा भाग भार घेणार आहे, की नुसता आकार देणार आहे?

मायक्रोचं प्रमाण आकारमानाने धरतात. फोमवर कापड चढवण्याआधी माखायला इपॉक्सीच्या बरोबरीने मायक्रो, कढीइतकं पातळ. फोमचे तुकडे जोडायला दुप्पट ते चौपट, मधासारखं. खड्डे बुजवायला साधारण पाचपट, चक्क्यासारखं. कालथ्यावर उभं राहिलं पाहिजे. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, आधी नीट एकजीव करा, फिलर त्यानंतरच. कापडाच्या दोन थरांमध्ये मायक्रो कधीही जाऊ देऊ नका, तिथला जोड कमकुवत होतो.

माझी चूक सांगतो. जिथे कापडाला कापड भिडतं त्या कोपऱ्यात फ्लॉक्स हवा होता. टेबलावर दोन पांढरे कप होते, मी मायक्रोचा उचलला. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी खिळ्याचं टोक कोपऱ्यावर ओढलं. खडूसारखी भुकटी खाली पडली. ते काही बोलले नाहीत, सँडपेपर माझ्या हातात दिला. तो कोपरा खरवडून पुन्हा भरायला अख्खा रविवार गेला. मला ते फार लागलं, कारण त्या विमानात ते स्वतः बसणार होते.

वजनाकडेही लक्ष ठेवा. एलेव्हेटर किंवा एलेरॉनवर, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या फळ्यांवर, बिजागरीच्या मागे चढवलेला जास्तीचा फिलर त्यांचा तोल बिघडवतो आणि वेगात फ्लटरचा, म्हणजे घातक थरथरीचा, धोका वाढतो. म्हणून रंग दिल्यावर तोल पुन्हा तपासावा लागतो. खड्डा दिसला की थापत सुटू नका; लांब सपाट फळी लावून तो खरंच किती खोल आहे ते बघा.

मायक्रो ओतताना आणि घासताना मास्क हवाच, कारण ती धूळ हवेत तरंगत राहते. हातात नायट्राइलचे मोजे घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि त्यापायी हे काम कायमचं सोडावं लागलेली माणसं आहेत.

आता मी प्रत्येक कपावर मार्करने नाव आणि तारीख लिहितो, तळाशी थोडं मिश्रण मुद्दाम ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी विमानाला हात लावण्याआधी त्या कपात खिळा ओढून बघतो.