निदान लागेपर्यंत एक वही ठेवा

आपल्या कुत्र्याला तपासून ‘गोचीड ताप (गोचीड चावल्याने होणारा आजार) वाटतोय, पण खात्री नाही,’ असं डॉक्टर म्हणाले की आपला धीर सुटतो. पण या आजारात असं होतंच. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघताना जंतू दिसला नाही म्हणून आजार नाही असं ठरत नाही. प्लेटलेट्स पुन्हा तपासाव्या लागतात.

मधल्या दिवसांत ठरलेल्या वेळी वहीत टिपा: ताप (गुदद्वारातून मोजलेला, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक), खाणं, पाणी, लघवीचा रंग. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर येते तेही मोजा. आकडा सतत ३०च्या वर असेल तर लगेच फोन करा. ओठ उचलून हिरड्या बघा. त्या पांढुरक्या, पिवळसर किंवा लाल ठिपक्यांच्या दिसल्या, किंवा लघवी कॉफीसारखी झाली, तर मध्यरात्री का होईना, दवाखाना गाठा.

‘कालपेक्षा जरा बरा आहे’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही (मीही हेच सांगायचो). थरथर, लंगडणं मोबाइलवर चित्रित करून दाखवा. आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मनाने अजिबात देऊ नका, कुत्र्याला ती विषासमान ठरू शकते. जुने रिपोर्टही त्याच वहीत खोचून ठेवा. दुसरं मत घ्यायची वेळ आली तर शोधाशोध नको.